रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे निर्णय

बेसा येथून वर्ध्याच्या हमरस्त्यास लागून दक्षिणेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत बुटीबोरी लागतें. आज तेथें कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि रात्रीं दिव्यांचा एवढा लखलखाट असतो कीं, या भागांत कधीं काळोख पडत असेल असें वाटूं नये. त्याच्या जवळच टाकळघाट नांवाचें गांव आहे. या दोन गांवांच्या दरम्यान, इ. स. १८६३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस, दिवस मावळण्याच्या सुमारास एक गृहस्थ घोड्यावर बसून एका नाल्याच्या कांठीं आले. नाल्याला पाणी चढलें होतें. पलीकडे बोरीच्या मुक्कामावर त्यांचे सोबती त्यांची वाट पाहत होते. त्यांनीं घोडा पाण्यांत घातला. मुक्कामावर घोडा तेवढा पोंचला. त्याच्या पाठीवर कोणी नव्हतें.

ते गृहस्थ म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेजचें नांव कोणास ठाऊक नाहीं? परंतु ज्यांच्या नांवानें तें कॉलेज उभें आहे त्यांच्याविषयीं विचारलें, तर आमचे बहुतेक विद्यार्थी गप्प बसतात. एखादा फार तर ते मिशनरी होते एवढें सांगतो. हें अज्ञान दूर व्हावें ही इच्छा आहेच. पण चरित्र लिहावयास घेण्याचें कारण तेवढेंच नाहीं. हिस्लॉपसाहेबांच्या आयुष्यांत निर्णय घेण्याचे कठीण प्रसंग वारंवार आले. त्यांतले कांहीं निर्णय लोकांनीं वाखाणले, कांहीं मागाहून चुकीचे ठरले, आणि एक जिवावर बेतला. मनुष्य निर्णय कसा घेतो, आणि दुसऱ्यानें घेतलेल्या निर्णयाची पारख आपण कशी करतों, याचा विचार करावयास असें आयुष्य फार उपयोगी पडतें.

हिस्लॉप यांचा जन्म ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीकडील बेरिकशायर परगण्यांत डन्स या लहानशा गांवीं झाला. एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें. ते पंचविशीचे झाले तोंच, इ. स. १८४३ मध्यें, त्यांच्या देशाच्या चर्चमध्यें मोठी फूट पडली. मंडळीचा पाळक कोणी नेमावा, मंडळीनें कीं जमीनदारानें, हा वादाचा मुख्य विषय होता. चारशेंहून अधिक पाळकांनीं आपलीं घरें व वेतनें सोडून वेगळें चर्च स्थापन केलें. तरुण हिस्लॉप त्यांच्या पक्षास मिळाले. जुन्या चर्चमध्यें राहते तर पोटापाण्याची निश्चिती होती. नव्यांत पुढच्या महिन्याचीहि शाश्वती नव्हती. पुढच्याच वर्षीं ते पत्नीसह हिंदुस्थानास निघाले, डिसेंबर १८४४ मध्यें मुंबईस उतरले, आणि १८४५ च्या आरंभीं नागपुरास आले.

त्या काळीं मुंबईहून नागपुरास येणें म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांस येणार नाहीं. नागपुरास आगगाडी आली ती इ. स. १८६७ मध्यें, म्हणजे हिस्लॉपसाहेब वारल्यावर चार वर्षांनीं. त्यांनीं स्वतः कधीं या शहरांत शिटी ऐकली नाहीं. तेव्हां गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. सीताबर्डीस इंग्रज रेसिडेंट राहत असे, आणि कामठीस फौजेची छावणी होती. हिस्लॉप मराठी शिकले. इ. स. १८४६ मध्यें त्यांनीं नागपुरांत शाळा उघडली. पुढील वर्षीं रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून येऊन मिळाले. शाळा, उपदेश, खेड्यापाड्यांची पायपीट, यांत या दोघांचे दिवस जात.

पण वाटेनें चालतांना हिस्लॉप यांची नजर पायांखालीं असे. नागपूर हें भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनें विलक्षण ठिकाण आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा दगड, जो ज्वालामुखीच्या रसापासून झाला, तो येथें संपत येतो. पूर्वेस त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. आणि कामठीकडे वाळूचा दगड उघडा पडलेला दिसतो. सीताबर्डीची टेंकडी ज्यानें पाहिली आहे त्यानें तो काळा दगड पाहिलाच आहे. आज शहरांत सामावून गेलेल्या टाकळी येथें हिस्लॉप व हंटर यांस काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें एक पातळसा निराळा थर आढळला, आणि त्यांत गोड्या पाण्यांत राहणाऱ्या गोगलगायीच्या जातीच्या प्राण्यांचे दगड झालेले शंख सांपडले. पुष्कळ लोक त्या वाटेनें गेले असतील. शंख पाहून कोणी थांबलाहि असेल. या दोघांनीं मात्र पुढचा प्रश्न विचारला. आगीच्या रसाच्या दोन थरांमध्यें गोड्या पाण्याचे जीव आले कोठून? तेव्हां एक रस वाहून थंड झाल्यावर दुसरा वाहेपर्यंत एवढा काळ गेला असला पाहिजे कीं, मधल्या अवकाशांत तळीं झालीं, त्यांत जीव उपजले आणि मेले.

नागपूरच्या भोवतालच्या खडकांवरील त्या दोघांचा निबंध इ. स. १८५४ मध्यें लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढें वाचला गेला. चंद्रपूरच्या बाजूस मांगली येथें मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी त्यांनीं विलायतेस धाडली. रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञानें तिचें वर्णन करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असें नांव दिलें. टाकळीच्याच एका हिरव्या खनिजास इ. स. १८५९ मध्यें हिस्लॉपाइट हें नांव मिळालें. ज्याला महाविद्यालयांत दगडांची विद्या कोणी शिकविली नव्हती, अशा शाळामास्तराची ही कमाई आहे हें लक्षांत ठेवावें.

आतां या कामांतील एक निर्णय पाहूं. टाकळीचे शंख किती जुने? हिस्लॉप यांनीं ते इतर देशांतील शंखांशीं ताडून पाहिले, पत्रव्यवहार केला, आणि पुष्कळ विचारान्तीं ते तृतीयक युगांतले असावेत असें इ. स. १८६० मध्यें छापून प्रसिद्ध केलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, दख्खनच्या काळ्या दगडाचा बहुतेक भाग सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं, म्हणजे तृतीयकाच्या अगोदरचें खडूयुग संपण्याच्या संधिकाळीं, वाहिला. आणि नागपूरकडील हे मधले थर त्या खडूयुगाच्याच अखेरीस घालतात. मग हिस्लॉप चुकले काय? उत्तर चुकलें खरें. पण खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यें मोजून त्यांचें वय काढण्याची रीत त्यांच्या मरणानंतर अर्ध्या शतकाच्या आसपास निघाली. बिरबल सहानी यांच्यासारख्या थोर भारतीय शास्त्रज्ञानेंहि इ. स. १९३४ मध्यें तृतीयकाच्याच बाजूनें कौल दिला होता. हातांत असलेल्या पुराव्यावरून काढलेलें अनुमान चोख असूनहि उत्तर चुकूं शकतें. याच्या उलट, अनुमान अगदीं ढिसाळ असूनहि उत्तर बरोबर येऊं शकतें. परीक्षेच्या खोलींत हें आम्ही दर वर्षीं पाहतों, आणि त्याच उत्तरास पूर्ण गुण द्यावे लागतात.

इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षीं इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. इ. स. १८५५ मध्यें हंटर स्वदेशीं परतले. हिस्लॉप राहिले. मग सत्तावन साल उजाडलें.

त्या वर्षीं जूनच्या १३ तारखेच्या रात्रीं नागपुरास उठाव करावयाचा असा बेत टाकळी येथील घोडदळांत ठरला होता. आज आपण त्या उठावाकडे स्वातंत्र्याच्या लढ्याचा एक भाग म्हणून पाहतों, आणि त्यासाठीं फांशीं गेलेल्यांस आदरानें स्मरतों, हें योग्यच आहे. येथें आमचा विषय निराळा आहे. हिस्लॉप यांच्या ओळखीच्या एका मुसलमान गृहस्थानें त्यांस येऊं घातलेल्या संकटाची सूचना दिली. त्यांनीं ती खरी मानली व अधिकाऱ्यांच्या कानांवर घातली. बेत फसला, शहरांत रक्तपात टळला, आणि हिस्लॉप यांच्या दूरदृष्टीची जिकडेतिकडे तारीफ झाली.

पण क्षणभर त्या दिवसांत जाऊन पहावें. मीरत आणि दिल्ली येथील बातम्या येऊन पोंचल्या होत्या. बाजारांत रोज नवी कंडी पिकत होती. अशा वेळीं दहांतील नऊ वार्ता पोकळ असतात, आणि दहावी कोणती हें तिच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. हिस्लॉप यांनीं सूचना खरी मानली, ती सांगणारा मनुष्य त्यांच्या परिचयाचा व विश्वासाचा होता म्हणून. त्या रात्रीं कांहींच न होतें, तर त्याच मनुष्यावर, त्याच कारणासाठीं विश्वास ठेवल्याबद्दल त्यांस भित्रा पाद्री म्हणून हसणारे लोक थोडे नसते. निर्णय तोच, कारणें तींच. निराळा असता तो केवळ शेवट.

या विषयावर मानसशास्त्रज्ञांनीं अलीकडे बराच प्रकाश पाडला आहे. इ. स. १९७५ मध्यें बारूख फिशहॉफ यांनीं इस्राएलमध्यें एक प्रयोग केला. त्यासाठीं त्यांनीं निवडलेला विषय आपल्या शेजारचा आहे हें वाचून आम्हांस मौज वाटली. इ. स. १८१४ मध्यें इंग्रज व गुरखे यांच्यांत जें युद्ध जुंपलें त्याचें वर्णन त्यांनीं विद्यार्थ्यांस वाचावयास दिलें. ते विद्यार्थी त्या युद्धाविषयीं फारसें जाणत नव्हते. त्यांच्या निरनिराळ्या गटांस निरनिराळा शेवट खरा म्हणून सांगितला: कोणास इंग्रज जिंकले, कोणास गुरखे जिंकले, कोणास कोणीच जिंकलें नाहीं व तह झाला, कोणास तहहि झाला नाहीं. एका गटास शेवट सांगितलाच नाहीं. मग, वर्णन वाचून यांपैकीं काय होईल असें दिसत होतें, असा प्रश्न केला. ज्यांस जो शेवट सांगितला होता, त्यांस तोच आधींपासून अधिक संभवनीय दिसत होता असें वाटलें. शेवट ठाऊक नाहीं असें समजून उत्तर द्या म्हणून बजावलें, तरी तो मनांतून जाईना. एकदां शेवट कळला म्हणजे मन मागें जाऊन सारी वाट त्या शेवटाकडेच जात होती असें रंगवितें, आणि आपण रंगविलें याचा त्यास पत्ता नसतो.

इ. स. १९८८ मध्यें जोनाथन बॅरन व जॉन हर्शी या अमेरिकन अभ्यासकांनीं याच्या जवळची दुसरी गोष्ट दाखविली. एका वैद्यानें रोग्यावर शस्त्रक्रिया करण्याचें ठरविलें. धोका किती व फायदा किती हें दोन्ही हकीकतींत तंतोतंत सारखें. एकींत रोगी बरा झाला, दुसरींत दगावला. वाचणाऱ्यांनीं पहिल्या वैद्याचा निर्णय अधिक चांगला ठरविला. परिणामावरून निर्णयाची किंमत ठरवूं नये हें ज्यांस मान्य होतें त्यांच्यापैकींहि पुष्कळांच्या हातून हेंच झालें. आमच्या मुलांच्या पालकांस, आणि आम्हां शिक्षकांसहि, ही गोष्ट जड जाईल. प्रगतिपुस्तक उघडून आपण आंकडा पाहतों. मुलानें वर्षभर केलें काय, हें त्या आंकड्यावरूनच ठरवून मोकळे होतों.

सत्तावनानंतर हिस्लॉप यांचें शेवटचें मोठें काम म्हणजे गोंड लोकांविषयींचें. आपल्या प्रदेशांतील या प्राचीन रहिवाशांची भाषा, चालीरीति, देव, आणि त्यांच्या परधानांच्या तोंडीं असलेलीं दीर्घ कथागीतें त्यांनीं लिहून घेतलीं. लिंगो या गोंड वीराची कथा त्यांत आहे. गोंडांस रानटी म्हणून सोडून देण्याचा त्या काळचा शिरस्ता होता. हिस्लॉप त्यांजजवळ वही घेऊन बसले. हीं टिपणें छापण्याइतकीं जुळवून झालीं नव्हतीं.

इ. स. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला आणि रिचर्ड टेंपल हे त्याचे चीफ कमिशनर झाले. टेंपल यांस प्राचीन वस्तूंचा नाद होता. टाकळघाटच्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांचीं वर्तुळें आहेत. तीं प्राचीन लोकांचीं थडगीं होत. तीं पाहण्यासाठीं टेंपल यांनीं हिस्लॉप यांस बरोबर घेतलें. मुक्काम बोरीस होता. वर्तुळें पाहून झालीं. इतर मंडळी परत फिरली. हिस्लॉप मागें राहिले, कारण टाकळघाटास शाळा होती आणि मुलांची परीक्षा घ्यावयाची होती. ती आटोपून ते एकटेच निघाले. श्रावणाचा वद्य पक्ष होता. चंद्र उगवावयास बराच अवकाश होता. वाटेंत नाला होता. जातांना तो त्यांनीं ओलांडलाच होता. मधल्या वेळांत पाणी फुगलें होतें.

मोकळा घोडा आलेला पाहून मुक्कामावरील लोक मशाली घेऊन धांवले. देह हातीं लागला, प्राण नव्हता. आणखी चार दिवसांनीं हिस्लॉपसाहेबांस शेहेचाळीस वर्षें पूर्ण झालीं असतीं.

ही हकीकत आम्हीं एकदां वर्गांत सांगितली, पण नाल्याच्या कांठीं येऊन थांबलों, आणि तुम्ही तेथें असतां तर काय करतां असें विचारलें. बहुतेकांनीं पलीकडे जाऊं असें सांगितलें. कारणेंहि चांगलीं दिलीं: तोच नाला त्याच दिवशीं ओलांडला होता, घोडा होता, मोठे लोक वाट पाहत होते, अंधार वाढत होता, मागें फिरणें म्हणजे खेड्यांत उपाशी रात्र काढणें. मग शेवट सांगितला. वर्ग स्तब्ध झाला, आणि थोड्या वेळानें एकेक जण म्हणूं लागला कीं, आपणांस आधींच शंका आली होती. कोणी खोटें बोलत नव्हतें. फिशहॉफ यांचे विद्यार्थी आमच्या बाकांवर बसले होते, एवढेंच.

म्हणून हिस्लॉप बुडाले यावरून त्यांस अविचारी ठरविण्यास आम्ही तयार नाहीं. अशा किती ओढ्यांतून ते अठरा वर्षें गेले असतील! प्रत्येक वेळीं सुखरूप पार झाल्यावर कोणी त्यांस विचारलें नाहीं कीं, ही उडी शहाणपणाची होती काय. आणि हेंच आम्हांस अधिक भयंकर वाटतें. दगडांच्या बाबतींत त्यांची चूक कोणीतरी दाखवूं शकत होतें. लंडनहून पत्र येई, नवा शंख सांपडे, मत बदलतां येई. नाला तसें करीत नाहीं. तो नऊ वेळां सोडून देतो, आणि त्या नऊ वेळांवरून मनुष्य आपण पाणी ओळखतों असें धरून चालतो.

तरीपण शेवट बाजूस ठेवूनहि त्या सायंकाळच्या निर्णयाची पारख करतां येते, आणि ती करणें आम्ही टाळणार नाहीं. पावसाळ्यांत सकाळचा नाला आणि सायंकाळचा नाला हे एक नव्हेत; वर कोठें पाऊस पडला हें खालीं दिसत नाहीं. हें ज्ञान टाकळघाटच्या प्रत्येक शेतकऱ्याजवळ होतें, आणि खडक व पाणी यांचा एवढा अभ्यास केलेल्या गृहस्थाजवळहि होतें. अंधारांत तळ दिसत नव्हता. सोबत कोणी नव्हतें. मागें फिरण्याची वाट मोकळी होती. हीं सर्व कारणें घोडा पाण्यांत घालण्यापूर्वींचीं आहेत. तीं तोलून, ते त्या रात्रीं सुखरूप पार पडते तरीहि, आम्ही हेंच म्हटलें असतें कीं थांबावयास पाहिजे होतें. निदान तसें म्हटलें असतें अशी आमची समजूत आहे. वर जें लिहिलें त्यानंतर या समजुतीची खात्री आम्हांस देतां येत नाहीं. दर पावसाळ्यांत विदर्भांत पुलावरून पाणी वाहत असतां मोटारी घालणारे लोक आढळतात, आणि त्यांतले बहुतेक पार होतात.

टेंपल यांनीं आपल्या मित्राचीं गोंडांवरील टिपणें जुळवून इ. स. १८६६ मध्यें नागपुरास छापलीं. गोंडी कथागीतांचा तो आरंभीचा मोठा संग्रह होय. हिस्लॉप यांच्या शाळेंतून इ. स. १८८३ मध्यें त्यांच्या नांवाचें कॉलेज निघालें. टाकळघाट व खापा येथें नागपूर विद्यापीठानें इ. स. १९६८-६९ मध्यें उत्खनन केलें, आणि तेथील लोक ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांत लोखंड वापरीत असत हें सिद्ध झालें.

त्या दिवशीं वर्ग सुटल्यावर एक मुलगा टेबलाजवळ घोंटाळत राहिला होता. तो शेतकऱ्याचा मुलगा. शाळेंत परीक्षा घ्यावयास साहेब थांबले होते ना, मग त्याच शाळेंत निजावयास जागा नव्हती काय, असें त्यानें विचारलें. खेड्यांतल्या शाळेंत कोणीहि घोंगडी दिली असती, असें आम्हीं सांगितलें. मग असल्या नाल्याचें पाणी उतरावयास किती वेळ लागतो, हें त्यानें आम्हांस विचारलें नाहीं. तें त्यास आमच्याहून चांगलें ठाऊक होतें. वर पाऊस थांबला तर बहुधा उजाडेपर्यंत.